क्रेनवरचा गायक आणि भिंतीखालची माणसं

थोडं मोठं लिहितोय. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

दरवर्षी नोव्हेंबर आला की एक मीम हमखास फिरतं. बर्लिनची भिंत, तिच्यावर क्रेनच्या पाळण्यात उभा असलेला एक उंचापुरा अमेरिकन माणूस, अंगात दिवे लुकलुकणारं लेदर जॅकेट, गळ्यात पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर. आणि खाली मजकूर असा की भिंत यानेच पाडली. काही जण हसून पुढे ढकलतात. काही जण मात्र चक्क खरं मानतात.

माणूस ओळखीचा आहे. डेव्हिड हॅसलहॉफ. माझ्या वयाच्या लोकांना तो 'बेवॉच'मुळे माहीत. नव्वदच्या दशकात गावोगाव केबल आली, स्टार प्लसवर 'बेवॉच' लागायला लागलं आणि घराघरातल्या वडीलधाऱ्यांना चॅनल बदलायचं काम लागलं, तोच तो लाल चड्डीतला मिच. त्याआधीचा त्याचा अवतार म्हणजे 'नाइट रायडर'मधला मायकल नाइट आणि त्याची बोलणारी काळी गाडी, किट.

हा माणूस गायकही आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. जर्मनीत मात्र उलटं. तिथे एक अख्खी पिढी त्याला आधी गायक म्हणून ओळखते. तिथले चाहते अजूनही दोन गोष्टींवर तासन् तास वाद घालतात. एक, त्याच्या मालिकांमधली सगळ्यात चांगली प्रेमकथा कोणती. दुसरी, त्याच्या गाण्याचा भिंतीशी खरंच काही संबंध होता का.

पहिला वाद गोड आहे. दुसरा वाटतो तितका साधा नाही. दोन्हींबद्दल लिहितो, कारण दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत.

आधी प्रेमकथा.

हॅसलहॉफचा जन्म १९५२चा, बाल्टिमोरचा. नाव झालं ते १९७५ पासून, 'द यंग अँड द रेस्टलेस' या दुपारच्या मालिकेतल्या डॉक्टर स्नॅपर फॉस्टरच्या भूमिकेमुळे. १९८२ ला 'नाइट रायडर' आलं आणि तो जगभर पोचला. या मालिकेचं मूळ कथानक आठवून बघा. मायकल लाँग नावाच्या पोलिसाच्या चेहऱ्यावर गोळी लागते. एक मरणासन्न धनाढ्य त्याला वाचवतो, शस्त्रक्रिया करून नवा चेहरा देतो, नवं नाव देतो. जगाच्या लेखी मायकल लाँग मेला. त्याची होणारी बायको स्टीव्ही, तिच्याही लेखी मेला.

पहिल्याच हंगामात एका भागात ती त्याच्यासमोर येते. तो तिला ओळखतो, ती त्याला ओळखू शकत नाही. आणि त्याला सांगताही येत नाही. गाड्यांच्या उड्या आणि टर्बो बूस्ट बाजूला ठेवले, तर त्या मालिकेचं काळीज इथे आहे. पुढे १९८४ च्या एका भागात स्टीव्ही एका बँडमध्ये गाताना भेटते आणि गुन्ह्याचा तपास करण्यासाठी मायकल त्याच बँडमध्ये गायक म्हणून घुसतो. नट आणि गायक एकाच भागात एकत्र दिसले, म्हणून चाहत्यांना तो भाग विशेष प्रिय. शेवटच्या हंगामात, १९८६ मध्ये, दोघांचं लग्न लागतं आणि लग्नातच स्टीव्ही गोळी लागून मरते. स्टीव्हीचं काम करणारी कॅथरीन हिकलँड तेव्हा हॅसलहॉफची खऱ्या आयुष्यातली बायको होती. पडद्यावरचं लग्न काही मिनिटं टिकलं, खरं १९८९ ला संपलं.

दुसरा पक्ष बॉनीचा. बॉनी म्हणजे किटची देखभाल करणारी इंजिनियर. तिचं आणि मायकलचं उघड प्रेम कधी झालंच नाही, नुसती थट्टा आणि काळजी. ती पहिल्या हंगामानंतर गेली, दुसऱ्यात तिच्या जागी एप्रिल आली आणि तिसऱ्यात बॉनी परत आली. न झालेल्या प्रेमाचे चाहते झालेल्या प्रेमाच्या चाहत्यांपेक्षा चिवट असतात, हे आपल्याकडच्या मालिका बघणाऱ्यांना सांगायला नको. तिसरा एक पक्ष आहे, तो म्हणतो मायकलचं खरं प्रेम गाडीवरच होतं. तो पक्ष अर्धा थट्टेत असतो आणि अर्धा गंभीर.

माझं मत स्टीव्हीच्या बाजूला. कारण सोपं आहे. एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर असलेलं आपलं माणूस, आणि मध्ये असं काहीतरी उभं की हाक मारता येत नाही. या एका ओळीत सांगता येणारी गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या बर्लिनमध्ये कित्येक घरांत घडत होती.

आता तिथे जाऊ.

१३ ऑगस्ट १९६१ ला पूर्व जर्मनीच्या सरकारने पश्चिम बर्लिनभोवती काटेरी तारा टाकायला सुरुवात केली. पुढे त्याची भिंत झाली. पश्चिम बर्लिनला वेढणारी ही सीमा सुमारे १५५ किलोमीटर, त्यातली ४३ किलोमीटर शहराच्या दोन भागांमधून जाणारी. भाऊ इकडे, बहीण तिकडे. अठ्ठावीस वर्षं. भिंतीपाशी किमान १४० माणसं मेली.

पण एक गोष्ट भिंतीला अडवता आली नाही. टीव्हीच्या लहरी. पश्चिमेचे कार्यक्रम पूर्वेतल्या बहुतेक भागांत दिसायचे. सुरुवातीच्या काळात सरकारी युवक संघटनेची पोरं छपरावर चढून पश्चिमेकडे तोंड केलेले अँटेना फिरवायची, मोडायची. पुढे सरकारने तो नाद सोडला. ड्रेस्डेनच्या आसपास पश्चिमेचं प्रक्षेपण नीट पोचत नसे, म्हणून त्या भागाला लोक 'बेखबरांचं खोरं' म्हणत. बाकीचा देश दिवसभर पूर्वेत राहायचा आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून पश्चिमेत जाऊन यायचा. 'डॅलस'सारख्या अमेरिकन मालिकांतली श्रीमंत घराणी, त्यांची भांडणं, त्यांची लफडी पूर्व जर्मनीतल्या सरकारी वसाहतींमध्येही चवीने बघितली जात.

अशा जर्मनीत हॅसलहॉफ गायक म्हणून उतरला. १९८५ चा त्याचा 'नाइट रॉकर' हा अल्बम ऑस्ट्रियात जोरात चालला. अमेरिकेत कुणी विचारलं नाही. मग जॅक व्हाइट नावाच्या जर्मन निर्मात्याने त्याला हाताशी धरलं. नाव इंग्रजी वाटलं तरी माणूस पक्का जर्मन, आधी फुटबॉल खेळणारा. त्याने त्याचंच एक जुनं गाणं बाहेर काढलं. हे गाणं १९७८ मध्येच येऊन गेलं होतं, इंग्रजीतही आणि जर्मनमध्येही. जर्मन गाणं टोनी मार्शलने गायलं होतं आणि ते दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल होतं. इंग्रजी गाण्यात एक श्रीमंत बापाचा मुलगा आहे. सगळं आहे पण मोकळीक नाही, म्हणून घर सोडून भटकायला निघतो. भिंत नाही, सैनिक नाही, बर्लिन नाही. गाण्याचं नाव 'लुकिंग फॉर फ्रीडम'.

१९८९ च्या वसंतात हॅसलहॉफच्या आवाजातलं हे गाणं पश्चिम जर्मनीत सलग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

त्याच वर्षाचे सुरुवातीचे महिने भिंतीपाशी कसे गेले, तेही सांगितलं पाहिजे. फेब्रुवारीत क्रिस ग्वेफ्रोय नावाचा वीस वर्षांचा मुलगा भिंत ओलांडताना गोळ्या लागून मेला. भिंतीवर गोळीने मरण आलेला तो शेवटचा. मार्चमध्ये विनफ्रीड फ्रॉयडनबर्ग हा तरुण इंजिनियर घरी तयार केलेल्या गॅसच्या फुग्यातून निघाला. पश्चिम बर्लिनवर पोचला, पण फुग्यातून खाली पडून गेला. भिंतीने घेतलेला हा शेवटचा बळी. त्या महिन्याच्या अखेरीस रेडिओवर स्वातंत्र्य शोधणारं ते गाणं पहिल्या क्रमांकावर चढत होतं. गाणं लिहिणाऱ्याच्या मनात यातलं काहीही नव्हतं. पण ऐकणारा आपल्या मनातलं घेऊन ऐकतो. 'फ्रीडम' हा शब्द बर्लिनमध्ये ऐकणं आणि लॉस एंजेलिसमध्ये ऐकणं, यात फरक पडणारच.

म्हणून पूर्वेतून आलेला एखादा चाहता 'ते माझं स्वातंत्र्याचं गाणं होतं' म्हणत असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याची भावना खोटी नाही.

पण भावना खरी असणं वेगळं आणि कारण खरं असणं वेगळं. इथून पुढे पत्रकार म्हणून माझं काम सुरू होतं.

भिंत पडली कशी? क्रमाने बघू.

मे १९८९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं कुंपण काढायला घेतलं. ११ सप्टेंबरला पूर्व जर्मनांसाठी ती सीमा उघडली. हजारो लोक सुट्टीच्या निमित्ताने हंगेरीत गेले ते परत आलेच नाहीत. जे मागे राहिले, त्यातले बरेच रस्त्यावर यायला लागले. लाइप्झिग शहरात सेंट निकोलस चर्चमध्ये कितीतरी वर्षं दर सोमवारी शांततेची प्रार्थना व्हायची. त्या प्रार्थनेनंतर लोक मोर्चा काढायला लागले.

९ ऑक्टोबरचा सोमवार निर्णायक होता. जूनमध्येच बीजिंगमध्ये तिआनमेन चौकात काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं आणि पूर्व जर्मनीच्या सरकारने चीनची उघड पाठराखण केली होती. लाइप्झिगमध्ये हजारो सशस्त्र माणसं उभी केली होती. रुग्णालयांत खाटा आणि रक्त तयार ठेवल्याची कुजबुज शहरभर होती. आयांनी पोरांना लवकर घरी आणलं. तरी संध्याकाळी सुमारे ७० हजार माणसं रस्त्यावर आली. हातात मेणबत्त्या. तोंडी एकच घोषणा, जनता म्हणजे आम्हीच. गोळी सुटली नाही.

आता टीव्हीचं बघा. त्या संध्याकाळी परदेशी पत्रकारांना लाइप्झिगमध्ये यायला बंदी होती. आराम राडोम्स्की आणि सिगबर्ट शेफ्के नावाचे दोन तरुण एका चर्चच्या मनोऱ्यावर कॅमेरा घेऊन लपून बसले. त्यांनी टिपलेली टेप चोरून पश्चिम बर्लिनला गेली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनीच्या बातम्यांत दिसली. दोघांवर बालंट येऊ नये म्हणून चित्रण इटालियन पथकाचं असल्याचं सांगण्यात आलं. पूर्वेतल्या लोकांनी आपल्याच देशातला मोर्चा पश्चिमेच्या चॅनलवर बघितला. एवढी माणसं रस्त्यावर येऊनही काही झालं नाही, हे कळल्यावर भीती गेली. पुढच्या सोमवारी गर्दी कितीतरी वाढली. १८ ऑक्टोबरला होनेकर पायउतार झाला.

मग ९ नोव्हेंबर. पक्षाचा प्रवक्ता गुंटर शाबोव्स्की पत्रकार परिषद घेत होता. प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद त्याच्या हाती ऐनवेळी आलेला. नियम दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज करून लागू व्हायचे होते. पत्रकारांनी विचारलं, कधीपासून? त्याने कागद चाळले आणि आपल्या माहितीप्रमाणे ताबडतोब, असं सांगून टाकलं.

पश्चिमेच्या रात्री आठच्या बातम्यांत पूर्व जर्मनी सीमा उघडत असल्याचं आलं. लोक नाक्यांवर जमायला लागले. पावणेअकराच्या सुमारास हान्स योआखिम फ्रीडरिक्स या नावाजलेल्या वृत्तनिवेदकाने भिंतीचे दरवाजे सताड उघडे असल्याचं सांगितलं. त्या क्षणी ते तसे नव्हते! पण ही बातमी ऐकून आणखी हजारो माणसं निघाली. बॉर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर हाराल्ड येगर हा अधिकारी वरिष्ठांना फोन करून करून थकला. आधी जास्त ओरडणाऱ्यांना पारपत्रावर शिक्का मारून सोडण्यात आलं, म्हणजे ते परत येऊ नयेत. गर्दी कमी होईना. साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडायला लावलं. गोळी घालायची की फाटक उघडायचं, एवढेच दोन पर्याय समोर होते आणि त्याने दुसरा निवडला.

थोडक्यात, भिंत पडण्यात टीव्हीचा हात नक्की होता. पण तो बातम्यांचा हात होता. मनोऱ्यावर लपलेले दोन तरुण, घाईने बोललेला प्रवक्ता आणि घडण्याआधीच दिलेली एक बातमी. ती बातमी अर्धी खोटी होती आणि तीच ऐकून लोकांनी ती खरी करून दाखवली. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, घडलं की सांगा. तो धडा आजही बरोबरच आहे. तरी त्या रात्रीचं काय करायचं, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

आणि हॅसलहॉफ? तो आला ३१ डिसेंबरला. म्हणजे भिंत उघडल्यावर सात आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांनी. नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, तेव्हा भिंतीपाशीच गाणार अशी अट आपण घातली, असं तो सांगतो. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ लाखोंची गर्दी, कडाक्याची थंडी, फटाके आणि वर क्रेनमध्ये दिव्यांचं जॅकेट घातलेला तो. लोक त्याच्याबरोबर गात होते. ते दृश्य आजही बघितलं की अंगावर काटा येतो, हे मान्य केलं पाहिजे.

त्याच्या सहा दिवस आधी, नाताळला, लिओनार्ड बर्नस्टाइनने पूर्व बर्लिनमध्ये बीथोव्हनची नववी सिंफनी सादर केली होती. तिच्यातल्या 'आनंद' या शब्दाच्या जागी त्याने मुद्दाम 'स्वातंत्र्य' हा शब्द गाऊन घेतला. एकाच आठवड्यात, एकाच शहरात, एकाच शब्दाची दोन गाणी. एक थोरामोठ्यांचं, एक टीव्हीवाल्याचं. बर्नस्टाइनची कुणी थट्टा करत नाही आणि हॅसलहॉफची सगळे करतात. त्याआधी जुलै १९८८ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने थेट पूर्व बर्लिनमध्ये जाऊन लाखाच्या वर तरुणांसमोर, सगळे अडसर एक दिवस दूर होतील अशी आशा जर्मनमध्ये बोलून दाखवली होती. भिंत उभी असताना, भिंतीच्या आत. मीम मात्र त्याचं नाही.

मीम हॅसलहॉफचंच का? एक कारण अमेरिकेतच आहे. नव्वदच्या दशकात 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मध्ये नॉर्म मॅकडोनाल्ड हा विनोदवीर जर्मनांच्या हॅसलहॉफप्रेमावर सारखा तोच विनोद करायचा. मग २००४ मध्ये हॅसलहॉफने एका जर्मन मासिकाजवळ खंत बोलून दाखवली, की बर्लिनच्या चेकपॉइंट चार्ली संग्रहालयात आपला फोटो नाही. झालं. जगाने त्याचा अर्थ लावला, हा माणूस भिंत पाडल्याचं श्रेय मागतोय. पुढे अनेक मुलाखतींत त्याने स्पष्ट केलं की भिंत पाडण्याशी आपला संबंध नाही, आपण फक्त एक गाणं गायलं. पण खुलाशाला कधी पहिल्या बातमीएवढी जागा मिळते का?

आता माझा मुद्दा.

आम्ही छोट्या गावचे पत्रकार. रस्त्याच्या उद्घाटनाला जातो. फोटोत फीत कापणारा येतो. त्या रस्त्यासाठी ज्यांनी दहा वर्षं अर्ज केले, उपोषणं केली, खड्ड्यात पडून हातपाय मोडून घेतले, ते फोटोच्या चौकटीबाहेर उभे असतात. दुसऱ्या दिवशीच्या अंकात फीत कापणाराच रस्ता आणणारा होतो. यात तो माणूस खोटं बोललेला असतोच असं नाही. कॅमेरा जिकडे वळतो तिकडे इतिहास वळतो, एवढंच.

क्रेनवरचं दृश्य चमकदार आहे. जॅकेटला दिवे आहेत. लाइप्झिगच्या ९ ऑक्टोबरची टेप अंधुक आहे. तीत मेणबत्त्या आहेत, डोकी आहेत, एकही ओळखीचा चेहरा नाही. पण इतिहास त्या अंधुक टेपमध्ये घडलाय. त्या सत्तर हजारांपैकी प्रत्येकाला सकाळी घरून निघताना माहीत होतं की आपण संध्याकाळी परत येऊच असं नाही. त्यांची जागा एका मफलरला देणं हा विनोद म्हणून ठीक आहे. पण विनोद तीस-पस्तीस वर्षं सांगितला की पुढच्या पिढीला तोच धडा वाटतो. आणि हा धडा वाईट आहे. कुणीतरी मोठा माणूस वरून येतो आणि आपली भिंत पाडतो, असं तो शिकवतो.

चाहत्यांशी माझं भांडण नाही. उलट ते बहुतेक वेळा मीमवाल्यांपेक्षा प्रामाणिक असतात. गाणं कधी आलं, कुठल्या भागात कोण मेलं, बॉनी कुठल्या हंगामात परत आली, याची तारीखवार नोंद त्यांच्या डोक्यात असते. तेवढीच काटेकोर नोंद १९८९ ची ठेवली, तर गाण्याचं प्रेमही राहतं आणि माणसांचं श्रेयही.

शेवटी एक प्रसंग, जो मीममध्ये कधी दिसत नाही.

बर्लिनमध्ये स्प्रे नदीकाठी भिंतीचा सुमारे १.३ किलोमीटरचा तुकडा मुद्दाम राखलेला आहे. १९९० मध्ये २१ देशांतल्या ११८ चित्रकारांनी तो रंगवला. नाव ईस्ट साइड गॅलरी. २०१३ मध्ये तिथे आलिशान फ्लॅट बांधायचे म्हणून भिंतीचा काही भाग हलवायचा ठरला. लोक विरोधाला उतरले. मार्चमध्ये त्यांच्यात हॅसलहॉफही आला. साठी ओलांडलेला, गाडीच्या टपावर उभा राहून गर्दीशी बोलला, तेच गाणं म्हटलं. ज्या भिंतीवरून भिंत उघडल्याचा आनंद गायला होता, तीच भिंत आठवण म्हणून राहू द्या, असं सांगायला तो आला होता. हजारो लोक त्या दिवशी तिथे जमले होते.

दहा दिवसांनी पहाटे, पोलीस बंदोबस्तात, कामगारांनी तिथले तुकडे काढले.

तेव्हा गाणं तेच होतं, गायकही तोच होता. गाण्याने भिंत पडतही नाही आणि वाचतही नाही. १९८९ मध्ये जे घडलं ते खाली उभ्या असलेल्या माणसांनी घडवलं होतं. म्हणून पुढच्या नोव्हेंबरात ते मीम तुमच्याकडे आलं, तर जरूर हसा. पण पुढे पाठवताना त्याच्याखाली एक ओळ लिहा: ९ ऑक्टोबर १९८९, लाइप्झिग, सत्तर हजार माणसं.